सुईणकाकींचा फोटो

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. महाडच्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं एक्स-रे काढले. रोज कोणी ना कोणी जिना चढून यायचं आणि म्हणायचं, "बाई, पायाचा फोटो काढायचाय." जिना अशासाठी, की तळमजल्यावर महागाचं यंत्र ठेवायची हिंमत महाडात कोणी करत नाही. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं की पहिला मजलाच कामाला येतो. मोडलेल्या पायाच्या माणसाला दोघांनी उचलून वर आणायचं आणि मी फोटो काढायचा, अशी ती नोकरी. मला ती आवडायची. ज्याचं हाड मोडलंय त्याला ते जिना चढण्याआधीच ठाऊक असतं. माझ्या फोटोने कोणाच्या घरात नवीन बातमी जात नसे.

मग एका संस्थेने मॅमोग्राफीची गाडी आणली. मोठ्या टेम्पोएवढी गाडी, आत एक यंत्र, कपडे बदलायला पडदा आणि एक एसी. स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून त्याचा एक्स-रे काढायचा. हाताला गाठ लागण्याच्या कितीतरी आधी काही चालू झालं असेल तर ते त्यात दिसू शकतं. यंत्र चालवायला बाईच हवी होती, म्हणून मला विचारलं. माझी मुलगी तेव्हा पुण्याला शिकायला गेली होती, नवऱ्याची शाळेतली नोकरी चालू होती, घर रिकामं होतं. मी हो म्हटलं.

गाडी फिरायची ती दिवाळीनंतर, शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात ती त्या रस्त्यांवर नेण्यात अर्थ नव्हता. पहिल्या वर्षी महाड तालुक्यात शिवथरकडची गावं झाली आणि नोव्हेंबर संपता संपता आम्ही पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या खालच्या शाळेपाशी गाडी लावली. चालक जनरेटर चालू करून द्यायचा आणि लांब आंब्याखाली जाऊन बसायचा, कारण गाडीजवळ पुरुष दिसला की बायका परत फिरत. मी आधी यंत्राची परीक्षा घ्यायची. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक ठोकळा असतो, त्याच्या पोटात मुद्दाम बारीक कण बसवलेले असतात. ठोकळ्याचा फोटो काढायचा आणि सगळे कण दिसतात का ते मोजायचं. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर यंत्राची नजर शाबूत आहे ना, हे त्यावरून कळतं.

त्या दिवशी नजर शाबूत होती, पण बायका आत येत नव्हत्या. वजन करून घेतलं, रक्तदाब मोजून घेतला, आणि सगळ्या शाळेच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आशाताई, म्हणजे वाडीत घरोघर फिरून आरोग्याचं काम बघणारी मुलगी, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, काकी आत गेल्याशिवाय एक पण जायची नाय."

"कोण काकी?"

तिने ओट्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. साधारण पंचावन्न-साठीची, काळीसावळी, काटक बाई. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. वाडीतल्या निम्म्या माणसांना जन्माला येताना पहिला हात याच काकींचा लागलेला. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पोट दुखलं, दूध आलं नाही, पाळी चुकली, की बायका आधी काकींच्या दारात जातात, मग आशाताईकडे.

मी ओट्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसले. काय करायचं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"ह्ये हात बघ. पोटातलं पोर डोकं खाली करून हाय का आडवं, ह्या हातांनी सांगत व्हते. माझ्या अंगात गाठ असंल तर मला कळणार नाय व्हय?"

"कळेल ना काकी. पण गाठ व्हायच्या आधीचं हाताला नाही कळत."

त्यांनी हात मागे घेतले. मग ओट्यावरच्या बायकांकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "चल बाय. तुझ्या मशिनीची हौस फेडते," आणि उठल्या. सगळ्या हसल्या.

आत आल्यावर मंगळसूत्रावरून अडलं. ते काढायला त्या तयार नव्हत्या. शेवटी गळ्यातून काढून मनगटाला तीन वेढे दिले, तेव्हा समाधान झालं. पट्टी खाली आली तेव्हा डोळे मिटून म्हणाल्या, "पापड लाटतंस काय गो!" चार फोटो काढायचे असतात, दोन्ही बाजूंचे दोन-दोन. तिसऱ्या फोटोपर्यंत सगळं ठीक होतं. चौथा संगणकाच्या पडद्यावर आला आणि डाव्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, पांढरे बारीक ठिपके दिसले. एका जागी गोळा झालेले. तिसरा फोटो मोठा करून पाहिला. त्यातही होते, मी ते आधी पाहिले नव्हते.

पहिला संशय मला पावडरीचा आला. बायका बाहेर जायचं म्हणून काखेत पावडर लावतात आणि फोटोत ती अगदी अशीच उमटते. मी ओला रुमाल आणला.

"काकी, पावडर लावली होती का?"

"लावली व्हती ना. गाडीतली बाय येनार म्हनून."

मला हायसं वाटलं. नीट पुसून घेतलं, कोरडं केलं, पुन्हा फोटो काढला. ठिपके तिथेच होते.

आम्हाला शिकवलेलं असतं की फोटो काढणाऱ्याने काही बोलायचं नाही. निदान करण्याचं काम डॉक्टरांचं. चेहरा सरळ ठेवायचा, कपडे घालायला सांगायचं, चार दिवसांत कळवू म्हणायचं. मी तसंच केलं. काकी लुगडं सारखं करता करता माझ्याकडे बघत होत्या.

"तोंड बदललं तुझं."

"नाही काकी. पावडरीमुळे परत काढायला लागला, एवढंच."

"पोर आडवं असलं की मी पन असंच तोंड करायचे," त्या म्हणाल्या. "आनि बाईला सांगायचे, काय नाय गो, सगळं बरं हाय." मग मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. बाहेर बायकांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांच्यामागून ओट्यावरच्या एकूण एक बायका आत आल्या. संध्याकाळपर्यंत मला पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही.

वाडीत फोटो पाठवण्याइतकी रेंज नव्हती. फोटो महाडला आल्यावर इंटरनेटवरून मुंबईला जायचे, तिथे एक डॉक्टरबाई ते बघायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. काकींचे ठिपके त्यांना आवडले नव्हते. "बहुतेक वेळा असे ठिपके निरुपद्रवी असतात," त्या म्हणाल्या, "पण ह्यांचा आकार मला नको तसा वाटतोय. मोठा करून फोटो काढावा लागेल आणि तिथला तुकडा तपासावा लागेल. ते इथेच होईल, मुंबईत. त्यांना पाठवा."

आशाताईने निरोप दिला आणि उत्तर आणलं. भाताची मळणी झाली आहे, आता वाल पेरायचे आहेत, काकींना सवड नाही. आठवड्याने पुन्हा निरोप गेला. वाल पेरून झाले होते, तरी सवड नव्हती. काकींच्या मुलाने मुंबईहून फोनवर सांगितलं होतं, की काही दुखत नसेल तर कशाला जायचं, फिरत्या गाडीतल्या यंत्राचं काय खरं. त्याचंही चूक नव्हतं. त्याच वाडीतल्या दुसऱ्या एका बाईला आम्ही असंच परत बोलावलं होतं. महाडला सोनोग्राफी केली, तर ती साधी पाण्याची गाठ निघाली. तोवर त्या बाईने चार दिवस अन्न सोडलं होतं आणि लेकीला सासरहून बोलावून घेतलं होतं. ही गोष्ट काकींना माहीत होती.

शेवटी मी रविवारी एकटी गेले. पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे रिक्षा, मग अर्ध्या तासाची चढण. लॅपटॉप पाठीवर घेतला होता. काकी अंगणात सुपातून तांदळाची कणी पाखडत होत्या. त्यांचे यजमान, मुंबईतली हॉटेलातली नोकरी संपवून गावी आलेले शांत गृहस्थ, पडवीत विळीला धार लावत होते. त्यांनी उठून मला पाणी दिलं. काकींनी पाखडणं थांबवलं नाही.

"दोन वेळा निरोप आला तुझा," त्या म्हणाल्या. "मी मरनार हाय काय?"

"मला माहीत नाही, काकी. डॉक्टरांनाही माहीत नाही. ते कळावं म्हणूनच बोलावतायत."

"मंग तू कशाला आलीस?"

मी लॅपटॉप उघडला आणि फोटो दाखवला. असं दाखवावं की नाही याचा मी एसटीत बसून पुष्कळ विचार केला होता. काकींनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि वाकून पाहिलं. यजमानही विळी ठेवून जवळ आले.

"हे एवढं?" काकी म्हणाल्या. "कणी सांडल्यासारखं?"

"हो."

त्यांनी तिथेच, पदराआडून, डाव्या बाजूला हात नेला. डोळे मिटून, बोटांच्या टोकांनी, सावकाश चाचपत राहिल्या. आपल्या कामात मुरलेल्या माणसाचा हात कसा चालतो ते मी तेव्हा पाहिलं. बराच वेळ गेला.

"लागत नाय," त्या म्हणाल्या.

"मीपण तेच सांगतेय. हाताला लागेल तेव्हा सगळ्यात आधी तुम्हालाच लागेल. पण तोवर थांबायचं का?"

यजमान म्हणाले, "डॉक्टरांकडं नुसतं जाऊन येऊ."

काकींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. मग माझ्याकडे न बघता सांगू लागल्या. खूप वर्षांपूर्वी वरच्या घरातल्या एका पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. पोर पायाळू होतं. काकींना ते दुपारीच हाताला कळलं होतं. पण त्यांनी अशी दोन बाळंतपणं आधी सोडवलेली होती. वाटलं, होईल. डोली करून खाली रस्त्यावर न्यायला चार माणसं लागली असती, माणसं शेतावर होती. तिन्हीसांजेला माणसं गोळा केली तोवर उशीर झाला होता. पोरगी वाचली, बाळ गेलं.

"कोन काय बोललं नाय मला," काकी म्हणाल्या. "ती पोरगी पन नाय बोलली. अजून चांगली बोलते माझ्याशी. पन दुपारी कळलं व्हतं ना मला. कळल्यावर मी थांबले."

कोंबड्या कणीवर येत होत्या, त्यांना हाकलायचंही कोणी मनावर घेतलं नाही.

"त्या मुंबईच्या खोलीत तू येशील?" त्यांनी विचारलं.

मी दोन दिवसांची रजा घेतली आणि गेले. मोठं रुग्णालय, लांबलचक रांगा. मुलगा सोबत होता. आईपेक्षा तोच जास्त घाबरलेला. आतल्या खोलीत मी या धंद्यातली असल्यामुळे मला येऊ दिलं. तिथलं यंत्र मी कधी पाहिलं नव्हतं. एक उंच टेबल, त्याला मध्ये भोक. बाईने पालथं झोपायचं, स्तन त्या भोकातून खाली, आणि यंत्र खालून दोन कोनांतून फोटो काढून ठिपक्यांची नेमकी जागा ठरवणार. जागा बधिर करून तिथपर्यंत सुई न्यायची आणि शेवयांसारखे बारीक तुकडे काढायचे. काकींनी माझा हात धरला होता. ओरडल्या नाहीत, पण माझी बोटं नंतर दिवसभर दुखत होती. काढलेल्या तुकड्यांचा लगेच तिथल्या तिथे एक्स-रे काढतात, ठिपके त्यात आले की नाहीत ते बघायला. तुकड्यांत ठिपके स्पष्ट दिसत होते. काकींनी मान वळवून मला विचारलं, "गावली काय कणी?"

"गावली."

दहा दिवसांनी निकाल आला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा, दुधाच्या नळीच्या आतच, नळीची भिंत ओलांडून बाहेर न पडलेला. तेवढा भाग काढायचा आणि नंतर काही आठवडे किरणांचा उपचार घ्यायचा. स्तन काढावा लागणार नव्हता. केस जाणारी औषधं लागणार नव्हती. डॉक्टरबाईंनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा मी महाडच्या भाजीबाजारात होते. मला वाटलं, याहून चांगली बातमी असूच शकत नाही. मी उत्साहाने काकींच्या मुलाला फोन लावला. तो रडायला लागला. कॅन्सर या शब्दाच्या पुढचं त्याने काही ऐकलंच नव्हतं.

काकी अडीच महिने मुंबईत मुलाच्या घरी राहिल्या. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा वाडी मुंबईकरांनी भरते, त्या गर्दीतच त्या परत आल्या. मी भेटायला गेले. पडवीत बसल्या होत्या, वाळलेल्या. डाव्या बाजूची कातडी किरणांनी काळी पडून सोलवटली होती. मी जवळ बसले तर त्या लांब सरकल्या.

"चांगली व्हते मी," त्या म्हणाल्या. "दळत व्हते, कांडत व्हते, डोंगर चढत व्हते. तुझ्या मशिनीनं मला आजारी केलं."

मी काहीतरी बोलले, की आता बरं वाटेल, थोडे दिवस जातील. त्यांनी विचारलं, सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करून येऊ का, बाकी सगळ्या बायका सांगतायत. मी म्हटलं, एवढ्यात नको, कातडी अजून नाजूक आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

"त्ये पन नाय," काकी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. यजमान मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत एकदाच बोलले, "तिचं मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं. कित्येक दिवस घेतलं. शेवटी डॉक्टरबाईंना फोन करून सरळ विचारलं, की काकींना आपण पाहिलंच नसतं तर काय झालं असतं? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "यातले काही आयुष्यभर नळीतच पडून राहतात, त्रास देत नाहीत. काही बाहेर पडतात आणि मग जीव घेतात. काकींचा दिसायला आडदांड होता, म्हणून काढणंच शहाणपणाचं होतं. पण तो नक्की कुठल्या वाटेने गेला असता, हे मी तुम्हाला छातीठोक नाही सांगू शकत. कोणीच नाही."  तोपर्यंत मला वाटायचं, लवकर दिसलं की काम झालं. त्यानंतर गाडीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी सांगायला लागले, की बाई, यात कधी कधी नसलेलं असल्यासारखं दिसतं, कधी असलेलं दिसत नाही, परत बोलावलं तर घाबरू नका, आणि फोटो चांगला आला तरी पुढे गाठ लागली तर घरी बसू नका. बायका ऐकून घेत. काही जणी परत जात. बहुतेक जणी पडद्याआड जाऊन पदर सोडत.

पुढच्या दिवाळीनंतर गाडी पुन्हा त्या शाळेपाशी लागली. मी पायऱ्या खाली सोडल्या आणि वर पाहिलं तर काकी समोर उभ्या. अंगाने पुन्हा भरल्या होत्या. सोबत कोणी नव्हतं. पहिला नंबर त्यांचा.

मी पट्टी खाली आणली. डाव्या बाजूला शस्त्रक्रियेचा व्रण होता, तिथे दाबताना दुखत असणार, त्यांनी दात आवळून धरले. मी पडद्यावर एक-एक फोटो मोठा करून बघत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मला नवीन काही दिसलं नाही. तसं सांगायची मला परवानगी नव्हती. चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी तेच लिहून पाठवलं, पण काकी तोवर थांबल्या नाहीत.

"बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"रिपोर्ट येऊ दे, काकी."

"येऊ दे," त्या म्हणाल्या आणि लुगडं सारखं करून पायरीवर बसल्या. बाहेर अजून कोणी आलं नव्हतं. मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि त्यांच्याशेजारी टेकले. समोरच्या वाफ्यांत वालाचे वेल नुकते वर येत होते. घाटातून ट्रक गिअर बदलत चढत होते.

"राग गेला का माझ्यावरचा?" मी विचारलं.

काकींनी चहा फुंकला. "थोडा हाय अजून," त्या म्हणाल्या. "डावा हात वर न्यायला गेले की येतो."

मग खालच्या आळीतली एक पोरगी गरोदर आहे, तिचे पाय सुजलेत, तिचा रक्तदाब आजच मोजून घे, तिला मी पाठवते, असं त्यांनी मला सांगितलं. कप विसळून पायरीवर पालथा घातला आणि तिला बोलवायला निघाल्या.